हे, पितळी, झाकणासह

मी पोटासाठी वाट्यांना नावं देते. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे दयेने बघतात, म्हणून नीट सांगते. परदेशातली एक कंपनी आहे, ती इंटरनेटवर फोटो विकते. कुणाला जाहिरातीसाठी, कुणाला मासिकासाठी ताटं, वाट्या, पेले, चमचे यांचे फोटो लागतात. ते ढिगाने माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाखाली मी चार-पाच शब्द लिहिते. त्यांना टॅग म्हणतात. वाटी, स्टील, रिकामी, वरून. उद्या कुणी रिकामी स्टीलची वाटी शोधली तर ती त्याला सापडली पाहिजे. सापडली नाही तर ती वाटी असून नसल्यासारखीच.

हे काम करून करून माझा स्वभाव बिघडला आहे. मुळात तो फार गोड होता असा कुणाचा दावा नाही, पण आता एका वस्तूला दोन नावं दिसली की माझं डोकंच उठतं. आणि सून म्हणून मी येऊन पडले ती म्हैसुरात, जिथे आमच्या घरात एका वस्तूला कमीत कमी दोन नावं असतात आणि तिसरं शोधायची सगळ्यांना हौस असते.

माझं सासर म्हणजे म्हैसुरातलं जुनं मराठी घर. पूर्वज कापड रंगवायचे. आता कुणी घराचं फाटकसुद्धा रंगवत नाही. घरात मराठी बोलतात, म्हणजे क्रियापद मराठी असतं, बाकीचं ज्याच्या त्याच्या सोयीने. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासरे मला म्हणाले, "लोट्यात काफी दे की, बाळ." मी साताऱ्याकडची. आमच्याकडे माणूस लोटा घेऊन सकाळी कुठे जायचा ते सांगायला नको. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी सासूबाईंनी एक साधा स्टीलचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लोटा ग. एवढं काय लाजतीस?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं की या गावात माझं काही खरं नाही.

आमच्या समाजाचं विठ्ठलाचं मंदिर आहे आणि मंदिराच्या मागे भांड्यांची खोली आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याच्या आठवणीसाठी मंदिराला एक मोठं भांडं द्यायचं, त्यावर नाव घालून, अशी रीत. मग कुणाकडेही बारसं, मुंज, लग्न असलं की ती भांडी न्यायची, पंक्ती उठवायच्या आणि घासूनपुसून परत आणून ठेवायची. मला ही रीत फार आवडते. मेल्यावर हार घालून भिंतीवर लटकण्यापेक्षा पंक्तीत सार घेऊन फिरलेलं काय वाईट. निदान रोज नवीन माणसं भेटतात.

पण त्यामुळे झालं आहे असं की आमच्या लोकांना भांडं दिसतच नाही, माणूस दिसतो. "मोठे आजोबा घ्या, त्यात भात जास्त होतो," असं बायका बोलतात आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. एकदा नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. आतून कुणीतरी ओरडलं, "मामांना उलटं करून उन्हात ठेवा ग!" तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

अलीकडे लोक हॉल घेतात, केटरर बोलावतात, आणि भांडी खोलीत बसून राहतात. तेव्हा मंदिराच्या अध्यक्षांनी ठरवलं की सगळ्या भांड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे लोकांना घरबसल्या बघून मागवता येतील. अध्यक्ष म्हणजे माझे चुलत दीर. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे आणि गळ्यातली टेप ते झोपतानाच काढत असावेत. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. ते मी चांगलं केलं. मंदिराच्या अंगणात पांढरी चादर पसरून एकेक भांडं पुसून, उजेड बघून काढलं. टॅग मात्र ज्याने त्याने आपल्या घरच्या भांड्याचे पाठवावेत, असं अध्यक्षांनी मला न विचारता समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवून टाकलं.

चार दिवसांत टॅग आले. "मोठे आजोबा, जर्मन." "धाकटी आत्या, स्टील, खोल." "काका, दोन, एकात एक बसतात." "मामा, गळके." जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे मला माहीत होतं. बाहेरच्या कुणाला आजोबांच्या पूर्वजांबद्दल भलताच समज झाला असता. आणि एका घरचे काका दुसऱ्या घरचे मामा, तिसऱ्या घरचे जावई. एकाच परातीला पाच घरांनी पाच नाती चिकटवली होती. साइट सुरू झाली आणि पहिलीच मागणी आली ती अशी: "रविवारी बारशाला तीन आत्या आणि एक मोठे आजोबा पाठवा. मामा नकोत, मागच्या वेळी सगळा सार सांडला."

माझा पारा चढला. मी ग्रुपवर नियम लिहून टाकले. पहिला टॅग, भांडं काय आहे. दुसरा, कशाचं आहे. तिसरा, कुणाच्या आठवणीसाठी दिलंय, त्या माणसाचं पूर्ण नाव. नाती लिहू नयेत. ताटाला ताटच म्हणावं, तट्टे म्हणू नये. वाटीला वाटी म्हणावं, बट्टलु म्हणू नये. मग एकीने विचारलं, "तुमच्या साताऱ्यात आत्या नसतात काय?"

पण कुरकुर करत का होईना, लोकांनी केलं. पातेलं, पितळ, अमुक तमुक. परात, तांबं, अमुक तमुक. बघून माझ्या डोळ्यांना बरं वाटायला लागलं. आणि मग म्हाताऱ्या बायकांचे टॅग आले.

"बादली, स्टील, हे."

"परात, पितळ, आमचे हे."

"डबरी, तांबं, घरचे."

एकीने नावाच्या जागी नुसतं हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. आमच्याकडच्या या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. जिवंतपणी घेतलं नाही, गेल्यावर तर नाहीच नाही. रेशन कार्डाच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडे मुलाला पुढे करतात. आता इंटरनेटपुढे तरी का घेतील? साइटवर 'हे' शोधलं तर सगळे नवरे एका रांगेत उभे राहायचे, बादल्यांपासून पातेल्यांपर्यंत.

बाकीच्यांचं मी त्यांच्या मुला-सुनांना विचारून निस्तरलं. माझ्या सासऱ्यांचं नाव तर मला माहीतच होतं, ते टाकायला मला कुणाची परवानगी नको होती. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नाव होतं, पण ते कोणत्या पातेल्याला लावायचं?

माझे सासरे आणि आमच्या समोरच्या घरातल्या अक्कांचे यजमान जिवलग दोस्त. दोघं मेटगळ्ळीच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. सकाळी सासरे आमच्या दारातून समोरच्या दाराकडे बघून मोठ्याने हाक मारायचे आणि मग दोघं बस पकडायला निघायचे. पुढे दोघं एकाच वर्षात गेले. सासूबाई आणि अक्का मिळून बाजारात गेल्या आणि मंदिरासाठी दोन पितळी पातेली आणली, दोन कानांची, पंक्तीत साराला बरी पडतील अशी. जोडी घेतली तर दुकानदार झाकणं फुकट देत होता. नाव घालणाराही एकच. त्याने दोन्हीवर एकाच जागी, काठाखाली, फडक्याने धरायच्या नेमक्या ठिकाणी नावं घातली. इतक्या वर्षांची चिंच, राख आणि हात फिरून नावं साफ पुसली गेली. दोन्ही पातेल्यांवर आता "यांच्या स्मरणार्थ" एवढंच उरलं आहे. कुणाच्या, ते पातेली सांगत नाहीत.

पूर्वी यानं काही बिघडत नव्हतं, कारण दोन्ही पातेली बरोबरच जायची. सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हापासून त्या कार्याला जात नाहीत. हे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभ्या राहून सासूबाई सांगायच्या, "काल हे कृष्णराजनगरला गेलते. नवीन तांदळाचा भात होता म्हणे." अक्का म्हणायच्या, "हौदु, आमचे पण होते की बरोबर." दोघी खूश. मला वाटायचं, जिवंत नवऱ्यांची इतकी चौकशी कोण करतं? मी तर माझा आज कुठे गेलाय हे दुपारपर्यंत विसरलेली असते.

मग एका मुंजीहून परत येताना टेंपोतून एक पातेलं पडलं आणि त्याचा कान तुटला. तेव्हापासून ते माळ्यावर खराट्यांच्या शेजारी जाऊन बसलं, आणि धड असलेलं एकटंच फिरू लागलं. दोघींनीही मनातल्या मनात ठरवून टाकलं की फिरतोय तो आपला. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, म्हणून भांडण झालं नाही. दोघींचे नवरे एकाच पातेल्यातून गावोगाव जात राहिले, आणि हे वर्षानुवर्षं सुखाने चाललं असतं, जर माझ्या टॅगमध्ये तिसरी जागा नसती.

त्या दिवशी मी आमच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. सासूबाई शेजारी होत्या आणि अक्का कढीपत्ता मागायला आल्या होत्या. मी धड पातेल्याचा फोटो उघडला.

"हे आमचे," सासूबाई बोट ठेवून म्हणाल्या.

अक्का वाकल्या. "न्हाई हो वैनी. हे आमचे हे. तुमचे ते, कान तुटलेले."

"आमच्या ह्यांना का म्हणून कान तुटलेले म्हणता, अक्का?"

"अय्यो, मी ह्यांना कुठं म्हटलं? त्यांना म्हटलं."

"त्यांना म्हणजे कुणाला? ते तुमचे हे आहेत!"

मी लॅपटॉप मिटला. अक्का कढीपत्ता न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी कुणी कुणाला काही सांगेना. रांगोळी काढतानासुद्धा दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या, आणि आमच्या चिंचोळ्या गल्लीत ते काही सोपं नाही.

त्यात अध्यक्षांना स्टीलचं वेड लागलेलं. मंदिराच्या सप्ताहाआधी ज्या भांड्याला पुरं नाव लागलेलं नसेल ते मोडीत घालायचं आणि त्या बदल्यात नवीन स्टीलची भांडी आणायची, असं त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं. "तुटकी-फुटकी तर अशीच जाणार," हेही वर लिहिलं. म्हणजे ज्या नवऱ्याच्या वाट्याला तुटक्या कानाचं पातेलं येईल, तो गेलाच. आणि दोघींचं जमलं नाही तर दोघंही गेले.

सासूबाईंनी मला तो मेसेज दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "मोडीत म्हणजे काय करतात ग?"

"वितळवतात, आई."

त्या थोडा वेळ शेंगा सोलत राहिल्या. "एकदा जाळून झालंय की ह्यांना," त्या म्हणाल्या. "परत कशाला?"

त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत आणि मीही नाही. माझा नवरा मात्र आमचंही जेवला, आणि पितळेत शिसं असतं की नसतं यावर काहीतरी सांगत होता.

शेवटी अध्यक्षांनी रविवारी सकाळी दोघींना मंदिरात बोलावलं. भांड्यांच्या खोलीबाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर दोघी. समोर चादरीवर दोन पातेली, एक धड आणि एक माळ्यावरून काढलेलं, जाळ्याजळमटांसकट. मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसले. माझा नवरा रिक्षा घेऊन सासूबाईंना पोचवायला आला होता, तो मजा बघायला थांबला.

"कुठलं कुणाचं ते सांगा," अध्यक्ष म्हणाले.

दोघींनी धड पातेल्याकडे बोट केलं.

"बरं, मग नाव सांगा. ज्या नाव सांगतील त्यांचं."

दोघींनी बोट खाली घेतलं.

"काकू, लग्नात घेतलं होतं ना नाव? उखाण्यात? तसं घ्या की."

"लग्नात गर्दी होती," सासूबाई म्हणाल्या. "गर्दीत कुणालाबी येतंय."

अक्कांना मात्र एकदम जोर आला. त्या खुर्चीत ताठ झाल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "पितळेच्या पातेल्यात सार उकळतो रटारटा, ह्यांचं नाव घेते, मला घरी सोडा झटाझटा!"

माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "अक्का, नाव राहिलं की."

"घेतलं की आत्ताच. ऐकू येत न्हाई काय तुला?"

तेव्हा मात्र मी उठले. सातारा बाहेर आला म्हणतात तो असा. मी म्हटलं, जगात अब्जावधी वाट्यांना टॅग मिळतात आणि तुमच्या दोन पातेल्यांना मिळत नाहीत. स्वतःच्या ह्यांचं नाव तुम्हाला चालत नाही ना? मग एकमेकींच्या ह्यांचं घ्या! ते तर तुमचे हे नाहीत! आधी नावं तरी येऊ देत, मग पातेल्यांचं बघू.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

"तसं चालतंय काय?" सासूबाईंनी विचारलं.

"चालायला काय झालं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही वैनी की. परक्या."

सासूबाई उभ्या राहिल्या. गुडघ्यांना धरत, पण उभं राहूनच. आणि शाळेत हजेरी घेतात तसं त्यांनी अक्कांच्या यजमानांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, एका दमात मोठ्याने घेतलं. शेवटी 'राव' लावायला विसरल्या नाहीत. मी टाइप केलं. मला वाटलं, अर्धं काम झालं.

अक्का खुर्चीतून पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "मत्ते एकदा सांग की."

"आं?"

"परत एकदा सांग ते नाव." त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "घरात कोण घेणार ते? मी तर कधीच न्हाई घेतलं. ते गेल्यापासून कानावरच आलं न्हाई बघ."

अक्कांना मूलबाळ नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा अर्थ हाही होतो, हे निदान मला तोवर सुचलं नव्हतं. त्या घरात माणूस गेला, तेव्हा त्याचं नाव उच्चारणारंच कुणी उरलं नव्हतं. मी माझ्या नवऱ्याचं नाव दिवसातून किती वेळा घेते, बहुतेक वेळा ओरडून. मला रडू आलं, आणि मी ते जळमटांमुळे आहे असं दाखवलं.

सासूबाईंनी परत घेतलं. मग थांबल्या, मान मागे केली, आणि सासरे सकाळी बसच्या वेळेला आमच्या दारातून समोरच्या दाराकडे बघून मारायचे तशी, तोंडाशी हात धरून, त्या नावाची लांबलचक हाक मारली. मंदिरात एक गुरुजी काहीतरी म्हणत होते, ते गप्प झाले. अक्का हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम, आणि मग नाक पुसून म्हणाल्या, "साकु. पुरे. हाक ऐकून आलेबिले म्हणजे?"

"आता तुम्ही, अक्का," अध्यक्ष म्हणाले.

अक्कांनी सासूबाईंकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग माझ्याकडे. "भाऊजी," त्या म्हणाल्या.

"नाव, अक्का. पूर्ण नाव."

"भाऊजी की. मी तर भाऊजीच म्हणायची. दुसरं नाव होतं काय त्यांना?"

सासूबाईंना पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "अय्यो अक्का! नाव माहीत न्हाई? जन्मभर तुमचा नळ दुरुस्त केला, मिक्सर दुरुस्त केला, तुमचं मांजर विहिरीतनं काढलं, आणि नाव माहीत न्हाई तुम्हाला?" आणि त्याच दमात, त्याच रागात, त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांसकट, आडनावासकट. अंगणात घुमलं ते.

मग त्यांना कळलं काय झालं ते. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. माझा नवरा स्वतःच्या वडिलांचं नाव नव्यानेच ऐकल्यासारखा उभा होता.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते सगळ्या जन्मात एकदा गर्दीत घेतलं आणि एकदा रागात. मी फुकटचं कशाला घेऊ?

मग सासूबाई खुर्चीवर बसल्या. "कान तुटलेलं आमचं," त्या म्हणाल्या. "लिही."

"आई, पण तुम्ही तर..."

"लिही म्हटलं की. मला पहिल्यापासून माहीत हाय. आमच्या झाकणाची मूठ जरा वाकडी होती, ते झाकण तुटक्यावरच बसतंय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना तसंबी त्या कानानं ऐकू येत न्हवतं. आणि अक्काच्या घरात दुसरं कोण फिरणारं हाय? धड तिचं असू दे."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "पण काकू, तुटकं भांडं म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे..."

"काय रे?" सासूबाई म्हणाल्या. "आता ह्यांना मोडीत घालतोस?"

अध्यक्षांनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली. माझ्या माहितीत ती त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच काढली. "न्हाई, काकू," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने ते पातेलं मेटगळ्ळीला नेलं, जिथे सासऱ्यांचा उभा जन्म गेला, आणि तिथल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये नवीन कान बसवून आणला. तो दुसऱ्यापेक्षा जरा वर बसला आहे. आता पातेलं सदा कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखं दिसतं, आणि सासूबाई म्हणतात की हयातीत असं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

टॅग लागले. पातेलं, पितळ, पूर्ण नाव. दोन्हींना. मी समाधानाने साइट बंद करणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आणि हे लिही."

"काय?"

"हे. नुसतं हे. मी शोधायचं कसं नाहीतर? ते पुरं नाव मी परत घेणार न्हाई, सांगून ठेवते."

मी त्यांना समजावलं की एकच टॅग दोन भांड्यांना लावला तर टॅगचा उपयोगच राहत नाही. माझ्या कंपनीत असं केलं तर काम जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अष्टे ना, एवढंच ना? लिही." मी लिहिलं. अक्कांना कळल्यावर त्यांच्याही पातेल्याला लावावं लागलं. मग ते बादलीवाल्या आजींना कळलं, परातवाल्या आजींना कळलं. आज साइटवर 'हे' शोधलं की पहिल्यासारखेच सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात, आणि प्रत्येक म्हातारी आपला बरोबर ओळखते. माझ्या नियमांचं काय झालं ते विचारू नका.

परवा सकाळी मी तांदूळ मोजत होते. सासूबाई खिडकीशी फोन घेऊन बसल्या होत्या. साइटवर भांडं बाहेर गेलेलं असलं की त्याचा फोटो फिका दिसतो, एवढं त्यांना आता कळतं.

"हे फिके दिसतायत ग आज."

"बेट्टदपुरला गेलेत, आई. तिथे घरभरणी आहे कुणाची."

"एकटे?"

"अक्कांचे पण आहेत बरोबर."

त्यांनी खिडकीतून समोरच्या दाराकडे बघितलं. अक्का रांगोळी काढत होत्या, तोंड आमच्याकडे करून. सासूबाईंनी फोन पालथा ठेवला.

"मग जेवूनच येतील," त्या म्हणाल्या. "भात कमी लाव."

मी मापातले मूठभर तांदूळ परत डब्यात टाकले.